जुनी गाडी डीलरकडून घ्यावी की मूळ मालकाकडून? बिघाड निघाल्यावर काय हातात राहतं ते पाहून ठरवा

तीच गाडी, तेच मॉडेल. मालकाकडे थोडी स्वस्त, डीलरकडे थोडी महाग. हे जास्तीचे पैसे वसूल होतात ते गाडीने दगा दिल्यावर, तेही पक्कं बिल घेतलं असेल तरच.

डीलरचा धंदाच विक्रीचा, म्हणून त्याला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 लागू होतो. गाडी सुरतेहून आणली असली तरी नंदुरबारचा माणूस नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. परतीची मुदत बिलात लिहिलेली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणून दोष दिसताच, महिना उलटायच्या आत, लेखी कळवा.

मात्र झिजलेली क्लच प्लेट किंवा गुळगुळीत टायर हा जुन्या गाडीचा दोष ठरणं कठीण. किलोमीटर मागे फिरवलेलं मीटर, अपघातात वाकून सरळ केलेली चासी, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, हे लपवून विकलं असेल तर बाजू भक्कम होते.

मूळ मालक व्यापारी नसतो, त्यामुळे ग्राहक आयोग सहसा अशी तक्रार घेत नाही. उरतो करार कायदा, 1872 आणि दिवाणी दावा. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. इथे नुसता बिघाड पुरत नाही, मालक खोटं बोलला हे सिद्ध करावं लागतं. तो गप्प बसला आणि साध्या तपासणीत दोष कळला असता, तर न्यायालय तुम्हालाच विचारेल की बघितलं का नाही. म्हणून इसार देण्याआधी सौदापावतीवर मीटरचा आकडा, "अपघात नाही, पाण्यात बुडालेली नाही, इंजिन खोललेलं नाही" हे शब्द आणि सही घ्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या जुन्या नोंदी आणि मीटरचा आकडा जुळतो का तेही बघा.

सगळ्यात वाईट सौदा दलालाचा. पैसे तो घेतो, टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करण्याच्या अर्जावर) सही मात्र मालकाची, आणि कागदावर दलालाचं नाव कुठेच नाही. 1 एप्रिल 2023 पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र (फॉर्म 29ब) लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29क मध्ये द्यावी लागते. दोन्ही मागा. दाखवता येत नसतील तर डीलरचा भाव देऊ नका. बँकेने ओढून आणलेली गाडी लिलावात "जशी आहे तशी" विकतात. पक्का मिस्त्री सोबत नसेल तर तिकडे फिरकू नका.

रावेर-यावलकडे केळीच्या वाहतुकीसाठी जुनी पिकअप घेणाऱ्याला "हा व्यापारी वापर" म्हणून उडवून लावलं जातं. स्वतः चालवून त्यावरच पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. चार गाड्या पगारी ड्रायव्हरांच्या हाती देणाऱ्याला मात्र हे जमणार नाही.

बिघाड निघाला की बहुतेक जण लगेच ओळखीच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलतात, आणि पुरावा तिथेच संपतो. गाडी थांबवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून दोष आणि कारण लिहिलेलं जॉब कार्ड व खर्चाचा अंदाज घ्या. दुरुस्ती टाळता येत नसेल तर आधी फोटो काढा आणि बदललेले पार्ट जपून ठेवा. मग स्पीड पोस्टने, पोहोच पावतीसह, 15 दिवसांची नोटीस पाठवा. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा किंवा ई-जागृती या सरकारी पोर्टलवर थेट ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. तज्ज्ञाचा अहवाल जोडलेला नसेल तर गाडी तपासणीला पाठवण्याची मागणी तक्रारीतच करा. दोष आधीपासूनचा होता हे दाखवण्याचा भार तुमच्यावर असतो.