भंगार की जुना पाइप?

न्हावाशेव्याला कंटेनर उघडला की पहिला प्रश्न हाच. गंजलेला, कापलेला, पाइप म्हणून वापरताच येणार नाही असा तुकडा लोखंडी भंगारात, म्हणजे कस्टम्सच्या शुल्कसूचीतल्या ७२०४ क्रमांकात बसतो. सरळ, धड, पुन्हा जोडता येईल असा जोडरहित (सीमलेस) पाइप मात्र जुना असला तरी ७३०४ मध्ये जातो. वजनावर विकला म्हणून तो भंगार ठरत नाही. इथेच उरण-पनवेलकडचे नवे आयातदार फसतात.

माझं मत विचाराल तर माल तिकडेच कापून आणा. इथे आल्यावरही १९६२च्या कस्टम्स कायद्याच्या कलम २४ खाली, नियमांत बसत असेल तर, माल निकामी करून घेता येतो आणि शुल्क भंगाराचं लागतं. पण तोवर गोदीभाडं चढत राहतं.