दरवर्षीचा बीबीएफ की न मोडलेला बेड?

रान भारी काळं आहे, खरिपात सोयाबीन आणि त्यावर हरभरा घ्यायचा आहे, सपाट पेरणी सोडायची हेही ठरलं आहे, पण पुढं काय करायचं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. एक रस्ता असा की उन्हाळ्यात नांगरून-वखरून रान मोकळं करायचं आणि जूनमध्ये ट्रॅक्टरच्या बीबीएफ (ब्रॉड बेड फरो, म्हणजे रुंद वरंबा-सरी) यंत्रानं वरंबा-सरी पाडत पेरायचं. दुसरा असा की बेड एकदाच पाडायचे आणि नंतर मोडायचे नाहीत. कापणीनंतर मुळं-धसकटं जाग्यावर ठेवायची, उगवलेलं तण तणनाशकानं मारायचं आणि त्याच बेडवर टोकायचं, म्हणजे भोकं पाडून बी टाकायचं. नेरळच्या सगुणा बागेतून एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) नावानं जी पद्धत भातात सुरू झाली, ती याच जातीची. आता ती सोयाबीन-कपाशीच्या रानांतही दिसते.

आमचं रान वाशीमकडचं, खोल काळं. दोन्ही पद्धती आमच्याकडे झाल्या आहेत, काही हंगाम तर एकाच धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन बाजूंना.

निचऱ्यात दोघांत डावं-उजवं करता येत नाही. वरंबा उंच आणि सरी मोकळी असली की जुलैच्या झडीत मुळं बुडत नाहीत. बियाणंही दोन्हीत सपाट पेरणीपेक्षा कमी लागतं, टोकणीत आणखी थोडं कमी. यावरून निवड करू नका.

खरा फरक कुठं आहे हे कळायला थोडं मागं जावं लागतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांपुढचा मोठा प्रश्न आपल्याच मातीचा होता. खोल काळी जमीन खरिपात पड का राहते? या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. ओली असताना पाय रुतेल इतकी चिकट, कोरडी असताना कुदळ उडेल इतकी कडक. काम करण्याजोगी राहते ती मधल्या थोड्याच दिवसांत. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे दीड मीटरचा पट्टा: एक मीटर वरंबा, अर्धा मीटर सरी. १९७६ पासून चाललेल्या त्यांच्या प्रयोगात सुधारित पद्धतीनं हेक्टरी वर्षाला सरासरी पाच टनांच्या आसपास धान्य निघालं आणि खरीप पड ठेवून फक्त रब्बी घेण्याच्या जुन्या पद्धतीनं एक टनाच्या आसपास. हा आकडा बीबीएफच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकायला मिळतो. पण त्या पाच टनांत खत, सुधारित वाण आणि खरीप-रब्बीचं जोडपीक सगळंच आलं. सगळं श्रेय वरंब्याला देणं जरा जास्त होतं.

मेळाव्यात जे सांगत नाहीत ते वेगळंच. तिथला वरंबा दरवर्षी मोडायचा नव्हता. बैल सरीतून चालणार, औजाराची चाकंही सरीतूनच, आणि पीक निघालं की वरंब्यावरची माती हलकीशी खरवडून तो तसाच ठेवायचा. त्यासाठी काढलेला चाकांचा बैलचलित औजारगाडा महाग पडला, शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. पुढं ट्रॅक्टर आला आणि वरंबा पाडायचं काम सोपं झालं. वरंबा टिकवायचा असतो ही गोष्ट मात्र मागंच राहिली. आज मे महिन्यात रोटावेटर फिरतो, बेड भुईसपाट होतो आणि जूनमध्ये आपण तो नव्यानं विकत घेतो.

माझ्या निवडीचा निकाल लागला तो वापशावर, म्हणजे पावसानंतर रान कामाजोगं सुकण्यावर. कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. सल्ला बरोबर आहे. सोयाबीनचं बी नाजूक, त्याची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरणी, करायला छाती होत नाही. पण भारी रानात १०० मिलिमीटर झाला की ट्रॅक्टर आत शिरत नाही. मग तीन-चार दिवस उघाड पाहिजे. ती मिळते तेव्हा गावातल्या सगळ्यांचा वापसा एकाच दिवशी येतो आणि बीबीएफ यंत्रं गावात मोजकीच. यंत्रवाला आधी मोठी वावरं उरकतो. त्याचा दोष नाही, त्याचंही डिझेल आहे. आपला नंबर लागेपर्यंत आभाळ पुन्हा भरून येतं.

आणि नंबर लागला तरी वावर सगळीकडं सारखं सुकलेलं नसतं. चढाकडची बाजू पेरायजोगी झालेली असते, लवणात, म्हणजे सखल भागात, माती अजून फणाला धरते. त्या जागी बी-नळीचं तोंड चिखलानं बुजतं, ट्रॅक्टर तर चालतच राहतो आणि एक ओळ बियाविना रिकामी जाते. मागं माणूस चालवला नाही तर हे कळतं उगवण झाल्यावर, म्हणजे हातातून वेळ गेल्यावर. त्याला म्हणावं लवण आज सोड, परवा येऊन पेर, तर तो हसतो. भाड्याचं यंत्र एका वावरात दोनदा येत नाही.

न मोडलेल्या बेडवर ही कटकट उरत नाही. पाऊस थांबल्यावर बेडचा माथा सरीच्या आधी सुकतो. धसकटांमुळं आणि जुन्या मुळांच्या पोकळ्यांमुळं त्यावर चालता येतं, चप्पल जड होत नाही. आम्ही चढाकडून सुरू करतो, लवण शेवटी ठेवतो. माझ्या अंदाजानं ट्रॅक्टरपेक्षा दोनेक दिवस आधी हात लागतो. हे काही मोजमाप नाही, पण धुऱ्यापलीकडचं रान समोर असल्यानं अंदाज फार चुकत नसावा. ढकलायच्या टोकण यंत्राच्या चोची ओल्या मातीत भरतात, हे खरं. सायकलची एक आरी खिशात ठेवावी लागते, आणि चोची सारख्याच भरायला लागल्या की काम थांबवून दुपारची वाट पाहायची. बी तीन-चार सेंटीमीटरच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

ऑक्टोबरात हाच हिशोब उलटा चालतो. तेव्हा घाई असते ती ओल उडायच्या आत हरभरा टाकायची. सोयाबीन काढून रान वखरलं की ढेकळं उठतात, ती फोडण्यात ओल जाते आणि मग उगवणीसाठी तुषार संच शोधावा लागतो. बेड तसाच असेल तर सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये टोकून मोकळं होता येतं. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी बेताचं आहे, त्यांना ही एकच बाब पुरेशी वाटेल.

आता दुसऱ्या बाजूचं. न मोडलेल्या बेडवर डवरा (बैलाचं कोळपं) चालत नाही. डवऱ्यानं तण जातं एवढंच नाही, भेगाही बुजतात. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या खंडात बीबीएफच्या रानात डवरणीचा फेर देता आला, बेडवरच्या भेगा मात्र पाहत बसावं लागलं. तरी पीक तगलं. सावलीनं की खालच्या ओलीनं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि केना हे तण. टोकणीआधी ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की बाकीचं तण पिवळं पडतं आणि केना तेवढा हिरवागार उभा असतो. त्याला ते औषध फारसं लागतच नाही. उपटून बेडवर टाकला तर पावसात कांड्यांना मुळं फुटून पुन्हा उभा राहतो, म्हणून उपटलेला केना धुऱ्यावर नेऊन टाकावा लागतो. सुरुवातीच्या हंगामात निंदणाची मजुरी बीबीएफपेक्षा जास्त गेली, नंतर कमी होत गेली. खालची माती वर येत नाही तेव्हा तणाचं दडलेलं बीही वर येत नाही, असं कारण सांगतात, ते मला पटतं. शिवाय ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरावं अशी अधिसूचना केंद्रानं २०२२ मध्ये काढली होती. ज्या पद्धतीचा सगळा भार एका बाटलीवर आहे, तिच्यात शिरताना हेही डोक्यात असू द्या.

मोबाईलवर ब्राझीलचे व्हिडिओ पाहून हुरळणाऱ्यांसाठी थोडं. पाराना राज्यात रोलांदियाजवळ हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्यानं १९७२ मध्ये नांगर सोडला, कारण मुसळधार पावसात त्याची माती वाहून चालली होती. तिथल्या विनानांगरणीची सुरुवात तिथून झाली. पण ती माती तांबडी, लोहाची, फुगत-आक्रसत नाही, आणि तिथं रानावर काडाचा जाड थर राहतो. आपलं सोयाबीन मळणी यंत्रातून निघालं की कुटार (भुसा) गुरांकडं जातं. बेडवर उरतो तो पालापाचोळा आणि बोटभर धसकट. त्यामुळं तिथल्यासारखं आच्छादन इथं आपोआप होईल, ही आशा धरू नका. आपल्या मातीची जमेची बाजू वेगळी आहे. भेगा पडून ती स्वतःच उलथापालथ करून घेते, नांगराची गरज तिला तशीही कमीच.

काहींनी बीबीएफवरच राहावं असं मला वाटतं. रान मक्त्याचं असेल तर बेड कशाला जपायचा, पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या हाती असणार. हरळी किंवा कुंदा यांसारखं चिवट तण माजलेलं असेल तर आधी उन्हाळी मशागतीनं ते काढा, विनामशागतीत ते डोक्यावर बसतं. आणि स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःचं यंत्र, वर मोठं रान असेल तर माझी वापशाची तक्रार तुम्हाला लागूच होत नाही. टोकणीला माणसं गोळा करण्यापेक्षा ट्रॅक्टरच परवडेल.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचं रान चार-पाच एकराचं आणि यंत्र भाड्याचं आहे त्यांनी, निदान एका वावरात बेड न मोडता ठेवून पाहावेत. बेड पाडायला वेगळा खर्चही नाही. यंदा बीबीएफनं पेरलं असेल तर कापणीनंतर रोटावेटर बोलावू नका, तोच बेड चालतो. पहिल्या वर्षी उताऱ्यात फरक दिसेल असं नाही. आमच्याकडे आधी दिसली ती गांडुळांची विष्ठा. धसकट उपटलं की खाली कणीदार माती लागायची आणि शेजारच्या सपाट पट्ट्यात तीच माती ओल्या साबणासारखी कापली जायची.

बेड नव्यानं पाडणार असाल तर उताराची दिशा पावसाळ्याआधी पाहून घ्या. १०० मीटरला ४० ते ६० सेंटीमीटर एवढा उतार सरीला पुरतो, जास्त झाला की सरीच घळ होते. दरवर्षी मे महिन्यात सरीत साचलेली माती फावड्यानं बेडवर चढवायची, तेवढीच मशागत. आणि सगळ्या सऱ्यांचं पाणी शेवटी जिथं निघणार, तिथं खाली ज्याचं वावर असेल त्याच्याशी आधीच बोलून घ्या. पहिल्या झडीत त्याच्या धुऱ्यावरून पाणी गेल्यावर बोलायला गेलात तर विषय बेडचा राहत नाही.