घरी बनवलेला डी-बिट, काही महिने वापरून झाल्यावर

विकतच्या ८ एमएम रीमरचा (ड्रिलने पाडलेलं भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराचा) एक दात उडाला आणि विकणाऱ्याने "वापरात तुटलाय, बदलून मिळणार नाही" म्हणत हात वर केले. एका भोकाच्या साइजसाठी परत तेवढेच पैसे घालायचे माझ्या जिवावर आलं, म्हणून सिल्व्हर स्टीलच्या (पाणी देऊन कडक करता येणाऱ्या कार्बन स्टीलच्या) सळईतून डी-बिट, म्हणजे टोकाशी निम्मी गोलाई कापलेलं एकाच धारेचं हत्यार, बनवला आणि तेव्हापासून ८ एमएमची सगळी भोकं त्यानेच फिनिश करतोय.

बनवायला काही विशेष नाही. सळई मुळातच साइजला ग्राइंड होऊन येते, गोलाईला हात लावायचा नाही, फक्त पुढचा भाग कानशीने सपाट करत निम्म्यापर्यंत आणायचा आणि टोकाला ५-७ अंशांचा मागे उतार द्यायचा. ही निम्मी जाडी मात्र मायक्रोमीटरने बघा, ८ च्या बिटाला बरोबर ४ नको, ४.०५ ठेवा. निम्म्याच्या खाली गेलात की भोक साइजला येणार नाही आणि बिटाला आधारही राहत नाही. शिवाय नंतर धार लावायची ती फक्त सपाट बाजूवर ऑइलस्टोनने, म्हणजे दर वेळी जाडी किंचित कमी होणार, तो वरचा ०.०५ म्हणजेच त्या बिटाचं आयुष्य.

पाणी द्यायला, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायला, साधा गॅसचा टॉर्च पुरला. लोहचुंबक चिकटायचं थांबलं म्हणजे ७७० डिग्रीच्या आसपास आलं, त्याच्या किंचित वर नेऊन लगेच उभा धरून पाण्यात, आडवा बुडवला तर वाकतो. मग सपाट बाजू घासून चकचकीत करायची आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवत फिकट गवती रंग धारेपर्यंत आला की थांबायचं. रंग निळ्यावर गेला तर धार मऊ पडते, पहिल्यापासून पाणी द्या.

आता किस, म्हणजे कापताना निघणारा धातूचा चुरा. डी-बिटाबद्दल माझी खरी तक्रार ही एकच आहे आणि ती मोठी आहे. रीमरला चार-सहा खाचा असतात, इथे किसाला जागा फक्त सपाट बाजूच्या वरची, आणि बंद भोकात तो तळाशी जाऊन दाबून बसतो. पितळेच्या एका बुशमध्ये (पोकळ नळीसारख्या पार्टमध्ये) मला आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक ओरखडा मिळाला, नख फिरवलं की अडकायचं, बाकी भोक आरशासारखं. एवढ्या मेहनतीने आणलेलं फिनिश एका अडकलेल्या किसाने घालवलं याचा मला अजून राग येतो. बंदुकीच्या नळ्या पाडायच्या गन ड्रिललाही अशी एकच धार असते, पण त्याच्या पोटातून दाबाने तेल सोडतात आणि ते किस खाचेतून बाहेर ढकलतं. आपल्या बिटात ती सोय नाही, म्हणून खोल बंद भोकाला हा चालणारच नाही असं माझं पक्कं मत झालं होतं.

ते मत आता बदललंय. आधीचं ड्रिल ७.५ चं मारलं तर बिटाला खूप माल कापावा लागतो आणि किस कोंबला जातो, तेच ७.८ चं मारलं तर किस बारीक पडतो आणि ब्रशने सहज निघतो. दोन-तीन एमएम आत गेलं की बिट पूर्ण बाहेर काढायचा, पुसायचा, मग परत आत. कंटाळवाणं आहे, पण ओरखडे बंद झाले. पितळेला कोरडाच चालवतो, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, स्टीलला कटिंग ऑइल भरपूर आणि स्पीड अगदी कमी, कारण हे कार्बन स्टील आहे, धार तापली की गेली, एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) स्पीडने चालवायचा मोहच नको.

सुरुवातीला बोरिंग टूलने ८-१० एमएम खोलीपर्यंत साइजला भोक करून द्या, बिटाची गोलाई त्यात टेकते आणि पुढे तो सरळच जातो. ट्विस्ट ड्रिल वाकडं गेलेलं असेल तर रीमर मुकाट्याने त्याच्या मागे जातो, डी-बिट तसा जात नाही. यासाठी मी त्याला विकतच्या रीमरच्या वर ठेवीन, आणि सपाट तळाचं भोक हवं असेल तर रीमर तिथे तसाही उपयोगाचा नाही.

स्टीलवर धार लवकर बोथट होते हे खरं, सलग पुष्कळ स्टीलचे पार्ट काढायचे असतील तर एचएसएसचा रीमरच घ्या. माझ्याकडे पितळ आणि कास्ट आयर्न जास्त असतं, तिथे अजून तोच पहिला बिट चालू आहे, परवा मोजला तर जाडी ४.०२ भरली. त्याच सळईच्या उरलेल्या तुकड्यातून दुसरा कापून ठेवलाय, पाणी द्यायचं बाकी आहे.