नाण्यावरची दुहेरी अक्षरं: साच्याचा दोष की नुसता मार?

साच्यातच दोष असेल तर दुसरं अक्षरही पहिल्यासारखंच गोलसर, उठावदार दिसतं आणि टोकांशी स्पष्ट दुभंगतं. १९५५ च्या काही अमेरिकी एक सेंट नाण्यांवर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. त्या साच्यातून निघालेल्या नाण्यांवर खूण तीच, जागाही तीच. म्हणून तसंच दुसरं नाणं सापडणं हा सर्वांत भक्कम पुरावा.

टांकसाळीबाहेर बसलेल्या मारात धातू बाजूला सरकतो. अक्षर चेपतं, खड्ड्याच्या कडेला उंचवटा येतो, भिंगाखाली मूळ झळाळी कापत गेलेला ओरखडा दिसतो. वजनही करून बघा: आम्लात बुडवलेलं नाणं हलकं भरतं, आणि असली ‘दुर्मीळ पातळ’ नाणी विकणारे कमी नाहीत. शंका उरली, तर मी मारच धरतो.