एड : सर्व्हरवरील फाइलींचे बदल टिपणारे भरवशाचे साधन

फाइलचा आकार तोच, तारीखही तीच, पण आतला मजकूर बदललेला, असा प्रकार पकडायचा असेल तर हॅशशिवाय, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेल्या आणि मजकूर बदलला की बदलणाऱ्या ठशाशिवाय, पर्याय नाही; लिनक्स सर्व्हरवर हे काम चोख करणारे मोफत साधन म्हणून मी 'एड'चे (AIDE) नाव निःसंकोच सुचवेन. पर्ड्यू विद्यापीठात १९९२ मध्ये जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी केलेल्या 'ट्रिपवायर' या त्याच कामाच्या साधनाला मुक्त पर्याय म्हणून ते पुढे आले.

पहिल्यांदा चालवल्यावर एड नेमून दिलेल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ सारखा हॅश, परवानग्या, मालक आणि आकार डेटाबेसमध्ये नोंदवते आणि पुढच्या तपासणीत ताजी स्थिती त्या नोंदीशी ताडून पाहते. खात्री करण्यासाठी मी एसएसएचच्या (दुसऱ्या यंत्रावरून सर्व्हरमध्ये प्रवेश देणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पोर्ट २२ चा ९२ केला आणि फाइलची तारीख बदलणाऱ्या 'टच' कमांडने तारीख पूर्ववत केली. फाइलींच्या नेहमीच्या यादीत काहीच वेगळे दिसेना. एडच्या अहवालात मात्र त्या फाइलसमोर आकार तोच असल्याची बरोबरची खूण होती आणि पुढे हॅश बदलल्याचे सांगणारे अक्षर होते.

त्रास होतो तो अहवालाच्या लांबीचा. सतत बदलत राहणाऱ्या लॉगची फोल्डरे वगळली नाहीत किंवा पॅकेज अपडेट केल्यावर डेटाबेस नव्याने घेतला नाही, तर खरा धोक्याचा बदल शेकडो निरुपद्रवी ओळींत हरवतो, म्हणून नियमांची फाइल आपल्या सर्व्हरप्रमाणे बेतण्यात सुरुवातीचा वेळ घालवावाच लागतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे डेटाबेस त्याच सर्व्हरवर ठेवू नये, कारण रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, ताबा मिळवलेला घुसखोर फाइलबरोबर तिची नोंदही बदलू शकतो. प्रत दुसऱ्या यंत्रावर किंवा केवळ वाचता येणाऱ्या माध्यमावर असावी. पहिली नोंदही सर्व्हर नव्याने उभारल्याबरोबर, तो नेटवर्कला जोडण्याआधी घ्यावी, अन्यथा आधीच बिघडलेली फाइल कायमची 'योग्य' ठरते.

बदल कोणी केला हे हॅशवरून कळत नाही, त्यासाठी कोणी काय केले याची नोंद ठेवणारे 'ऑडिटडी' सोबत हवे. शिवाय एड क्रॉन या वेळापत्रकाने कामे चालवणाऱ्या सोयीमार्फत ठरावीक वेळी चालत असल्याने तत्काळ इशारा हवा असणाऱ्यांनी ते एकटे पुरेसे मानू नये. वर्षानुवर्षे चालणारे मोजके सर्व्हर सांभाळणाऱ्या लहान चमूसाठी मात्र ते अगदी योग्य आहे, फक्त रोजचा अहवाल वाचण्याची जबाबदारी एका माणसाकडे नेमून दिलेली असावी.