मुलांचं जीपीएस कॉलिंग घड्याळ – मुंबईच्या सहलीला दोन दिवस वापरून बघितलं, त्याचा अनुभव

पाचपैकी तीन स्टार देतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानदार म्हणाला की असली बरीचशी घड्याळं आतून सारखीच असतात, नुसता वरचा शिक्का वेगळा. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका मोबाईलच्या दुकानातनं साडेचार हजाराच्या आत मिळालं, सिम वेगळं, रिचार्ज वेगळा.

घेतलं का ते आधी सांगते, कारण त्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही. आमची मुलगी सातवीत आहे. डिसेंबरात शाळेची सहल मुंबईला जाणार हे दिवाळीच्या आधीच ठरलेलं, पैसेही भरलेले. आणि १० नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याच्या मेट्रो स्टेशनजवळ गाडीचा स्फोट झाला. मुंबईतही अलर्ट अशी पट्टी टीव्हीवर सुरू झाली. त्या रात्रीपासनं आमच्या पालकांच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणतंय सहल रद्द करा, कुणी म्हणतंय महाबळेश्वर-प्रतापगड करा, गर्दीत नको. एका आईने नुसतं एवढंच लिहिलं की एप्रिलमध्ये पहलगामला गेलेली माणसंही सुट्टीलाच गेली होती ना. त्यावर कुणालाच काही बोलता येईना. २२ एप्रिलला बैसरनच्या कुरणात २६ जण मारले, त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले, डोंबिवली, पुणे, पनवेलचे. आपल्यासारखीच घरं ती.

माझं अजून एक आहे. माझं माहेर मेढ्याकडचं, जावळीतलं. आमच्याकडची निम्मी माणसं मुंबईत माथाडी. २६ नोव्हेंबर २००८ ला माझा दादा मशीद बंदरला कामाला होता, सीएसएमटीपासनं एकच स्टेशन. रात्री दहाच्या पुढं टीव्हीवर ते सगळं दिसायला लागलं आणि त्याचा फोन काही केल्या लागेना, लाईनच मिळेना. पहाटे सहाला त्याने कुठल्यातरी दुकानातनं फोन केला तोपर्यंत आईने देवापुढची वात विझू दिली नाही, सारखी तेल घालत होती, आणि मी हातात फोन घेऊन उंबऱ्यावर बसलेले. दुसऱ्या दिवशी कळलं की गिरगाव चौपाटीला नुसत्या लाठीवर कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आमच्या जवळच्याच केडंब्याचे. गोळ्या खाल्ल्या पण सोडलं नाही, म्हणून तो जिवंत सापडला. तेव्हा सहलीच्या कागदावर सीएसएमटी, गेटवे, चौपाटी अशी नावं ओळीनं बघितल्यावर माझ्या पोटात काय झालं ते मी कुणाला समजावून सांगू शकले नाही. आमचे हे म्हणाले, पाठवू नको मग. पण पोरगी महिनाभर पैसे साठवत होती, तिला काय सांगणार होते मी?

म्हणून घड्याळ.

आता घड्याळाचं. पहिली गोष्ट, फोर-जी आहे का ते विचारून घ्या. स्वस्तातली काही घड्याळं नुसती टू-जी असतात, त्यात जिओचं सिम चालतच नाही, कारण जिओला टू-जी नाहीच. सिम आपल्या नावावर घ्यायचं, ॲप आपल्या मोबाईलवर, आणि त्यात जे नंबर तुम्ही घालाल तेवढ्यांचेच फोन घड्याळावर येतात, बाकी कुणी लावला तर लागत नाही. हे मला सगळ्यात आवडलं. आवाज स्पष्ट येतो, एसटीच्या खडखडाटात सुद्धा तिला माझं ऐकू येत होतं. पट्टा मात्र जाड रबराचा, मनगटाला घाम येऊन लाल वळ उठला होता.

बॅटरी. डब्यावर दीड दिवस लिहिलंय. लोकेशन दर मिनिटाला येईल असं सेटिंग ठेवलं तर दुपारी चारलाच संपते, मी घरी आधी दोन दिवस वापरून बघितलं म्हणून कळलं. दहा मिनिटांवर ठेवलं तर रात्रीपर्यंत पुरते. चार्जरची पिन वेगळीच आहे, चुंबकाने चिकटणारी, नेहमीची वायर चालत नाही, तेव्हा ती वायर आणि पॉवर बँक बॅगेत घालायला विसरू नका.

पहाटे चारला दोन एसट्या सुटल्या. शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, म्हणून प्रासंगिक करारावरच, म्हणजे सहलीपुरत्या भाड्यानं, गाड्या घेतल्या होत्या, आणि मला तर लाल गाडी बघूनच जरा बरं वाटलं. मी घरी येऊन ॲप उघडून बसले. आनेवाडी, पाचवड, सुरूर असा ठिपका सरकत होता. वेळे गावाजवळ थांबला. थांबला तो थांबलाच. मग एकदम आपल्या साताऱ्यातल्या खंडाळ्याच्या पुढं निघाला. मध्ये खंबाटकीचा बोगदा आहे हे मला माहीत नाही का, शंभर वेळा गेलेय मी तिथनं, पण त्या दहा मिनिटांत डोक्यात आलं नाही.

आणि दुपारी अडीचला ठिपका समुद्रात. गेटवेच्या पुढं, निळ्या पाण्यात, किनाऱ्यापासून चांगला आत. २०२४ च्या डिसेंबरात एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून बोट बुडाली होती ते लगेच डोळ्यापुढं आलं. संमतीपत्रावर आम्ही सगळ्यांनी लिहून दिलं होतं की बोटीत बसवायचं नाही. घड्याळावर फोन लावला, लागेना. परत लावला. परत. अकरा वेळा लावला मी. मग लक्षात आलं की शाळेच्या वेळात फोन बंद ठेवायचं जे सेटिंग असतं, दहा ते पाच, ते मीच रोजच्यासाठी लावलेलं आणि काढायचं राहिलेलं. वर्गशिक्षिका मॅडमना मेसेज केला. त्यांनी चार मिनिटांत फोटो पाठवला, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या आत मुली रांगेत उभ्या, आमची तिसरी, वेणी सुटलेली. खाली लिहिलं होतं, ताई सगळ्या इथं आहेत, ४२ पैकी ४२.

दुकानदाराला नंतर विचारलं. तो म्हणाला, जाड दगडी भिंतींच्या आत उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही, मग घड्याळ जवळच्या मोबाईल टॉवरवरनं अंदाज बांधतं, आणि तो अंदाज पाचशे मीटर, कधी किलोमीटरभर सुद्धा चुकतो. हे डब्यावर कुठंच लिहिलेलं नाही. ते मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. ज्या आईचं लेकरू गर्दीच्या शहरात गेलंय तिच्यासाठी किलोमीटरभर म्हणजे काय असतं हे या कंपनीवाल्यांनी एकदा तरी विचारात घ्यावं.

त्यात एक आवाज ऐकायची पण सोय आहे. आपण इथनं बटण दाबलं की घड्याळाचा माईक चालू होतो, मुलाला कळत पण नाही. मी संध्याकाळी लावलं, खरं लिहितेय. पोरी गाडीत भेंड्या खेळत होत्या, मग आमची कुणालातरी हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली, तिच्या मनातलं, मैत्रिणीला सांगायचं असतं तसलं. मी लगेच बंद केलं. ते माझ्यासाठी नव्हतं. जर्मनीने २०१७ मध्ये असं गुपचूप ऐकणाऱ्या मुलांच्या घड्याळांवर बंदीच घातली आहे, आणि मला वाटतं बरोबर केलं. घेतलंत तर ती सोय पहिल्याच दिवशी बंद करून टाका, आणि मुलांना सांगा की बंद केलीय.

एसओएसचं, म्हणजे संकटात दाबायचं बटण. तीन सेकंद दाबून धरलं की दिलेल्या तीन नंबरांना ओळीनं फोन जातो. मी, हे आणि दादा, तो आता घणसोलीला राहतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला माझा फोन वाजला, एसओएस. मी स्वयंपाकघरात होते, हात कणकेत, तो पुसून उचलेपर्यंत कट झाला आणि पुढच्या नंबरला गेला. हे झोपलेले. मग दादाला. दादाने उचलला तर पलीकडनं नुसता खर्र खर्र आवाज. मुली एका शाळेच्या हॉलमध्ये झोपल्या होत्या, घड्याळ उशीखाली आणि त्यावर डोकं, बटण दाबलं गेलं. मॅडमनी सांगेपर्यंत माझा दादा पॅन्ट-शर्ट घालून रिक्षा स्टँडवर पोचलेला. तो फोनवर म्हणाला, काही नाही गं, ठीक आहे ना सगळं, मग झालं. पण त्याचा आवाज मी ओळखते. सतरा वर्षांपूर्वी तो तिकडं होता आणि आम्ही इकडं, आता आम्ही सगळेच त्या जागी होतो. बटण फार हलकं आहे, रात्री घड्याळ काढून उशाला न ठेवता बॅगेत ठेवायला सांगा.

तीन स्टार कशाचे ते सांगते. फोन चांगला लागतो, नको ते नंबर येत नाहीत, पाणी उडलं तरी काही झालं नाही. दोन स्टार कापले ते नकाशाचे. नकाशाच्या भरवशावर राहू नका, फोनसाठी घ्या. आणि घड्याळाच्या आधी शाळेकडनं चार गोष्टी मागा, कुठं किती वाजता असणार त्याचा लेखी कागद, किती मुलांमागे किती शिक्षक, मुलींबरोबर मॅडम किती, आणि दिवसातनं ठरलेल्या तीन वेळी हजेरीचा मेसेज. आमच्या मॅडमनी न मागता दिलं हे सगळं. ४२ पैकी ४२ हा मेसेज दोन दिवसांत सात वेळा आला आणि प्रत्येक वेळी ग्रुपवर नुसते हात जोडलेले. मुलीला माझा आणि यांचा नंबर पाठ करायला लावला होता, दप्तराच्या आतल्या बाजूला पण लिहिला होता.

परत आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले, पोवई नाक्यावर आम्ही तीस-चाळीस पालक थंडीत उभे. उतरल्या उतरल्या तिने मोबाईल मागितला, मॅडमनी ग्रुपवर टाकलेला चौपाटीवरच्या ओंबळ्यांच्या पुतळ्यापुढचा फोटो दाखवायला. म्हणाली, आई, मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या आजोळच्या शेजारच्या गावचे आहेत, तर बाईंनी मलाच पुढं बोलावून माहिती सांगायला लावली. घड्याळ बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होतं, बंद पडलेलं.

आता शेजारच्यांचा मुलगा जानेवारीत रायगडला चाललाय सहलीला. त्यांना घड्याळ दिलंय, वायरसकट, सेटिंग बदलून. रिचार्ज संपायला अजून अकरा दिवस आहेत.