मेडिक्लेम मर्जीचा की सक्तीचा? कोकणातल्या घराचा हिशेब

कर्जदार बागायतदाराच्या पीकविम्याचा हप्ता पूर्वी बँक न विचारता कापून घ्यायची. 2020 च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. म्हणून आरोग्य विम्याचं नाव काढलं की पहिलं उत्तर येतं, 'पुन्हा सक्ती नको.' समजण्यासारखं आहे. पण आंबा गेला तर पुढच्या मोहोराची वाट बघता येते, हृदयाच्या झडपेला ती सोय नाही.

विमा न घेता हप्त्याएवढी रक्कम दरवर्षी मुदत ठेवीत टाकणं, हा काही वेडेपणा नव्हे. ताप, लेप्टो, विंचू, फुरसं यांसाठी आपण तसेही सरकारी दवाखान्यातच धावतो. ठेव आपली राहते, दावा मंजूर करा म्हणून कोणाच्या विनवण्या नकोत. हिशेब कोसळतो तो माडावरून पडून मणका मोडला किंवा अँजिओप्लास्टीची वेळ आली तर. ठेव संपते, बाग गहाण पडते, नाहीतर मुंबईच्या चाकरमानी भावाला फोन जातो. विमा न घेण्याची मर्जी एकाची, बिल दुसऱ्याचं. माझा आक्षेप तेवढाच आहे.

आणि मर्जीचीही किंमत असतेच. सगळ्यांनी आजारी पडल्यावरच विमा घेतला तर कंपनी चालणार कशी? म्हणून आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा कालावधी लागतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही. 2024 मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. पन्नाशीत साखर निघाल्यावर पॉलिसी घेणाऱ्याला ही तीन वर्षंही जड जातात. म्हणून साखर लपवायचा मोह होतो. लपवू नका, दावा नाकारायला तेच कारण पुरतं.

सक्ती कशी असते ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीत दिसतं. महिना 18,000 रुपये पगाराच्या कामगाराचे ईएसआयसीसाठी, म्हणजे सरकारच्या कामगार विम्यासाठी, 0.75 टक्के, म्हणजे 135 रुपये कापले जातात. मालक 3.25 टक्के, म्हणजे 585 भरतो. नको म्हणायची सोय नाही. बदल्यात जुना आजार आहे का, असं कोणी विचारत नाही, आणि अवलंबून असलेले आईवडीलही त्यात बसतात. स्वित्झर्लंडने 1996 पासून हाच नियम सगळ्या देशाला लावला: मूलभूत विमा प्रत्येकाने घ्यायचाच, आणि कंपनीनेही कोणाला नाकारायचं नाही. अमेरिकेने 2010 च्या कायद्यात विमा न घेणाऱ्याला दंड ठेवला. 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कर म्हणून ग्राह्य धरला, पण 2019 पासून केंद्राचा दंड शून्यावर आला.

तरीही उद्या आपल्याकडे सरसकट सक्ती झाली तर मी तिच्या बाजूने हात वर करणार नाही. कारण रुग्णालय. सावंतवाडीचा माणूस मोठ्या दुखण्याला गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय नाहीतर कोल्हापूर गाठतो. जवळ रुग्णालयच नसेल तर सक्तीचा हप्ता म्हणजे निव्वळ कर.

मग करायचं काय? रेशनकार्ड असेल तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, हप्ता नाही. पण उपचार ठरलेले आणि रुग्णालयंही योजनेशी जोडलेलीच. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही. मुलाच्या मुंबईच्या कंपनीच्या पॉलिसीत ते असले तरी त्यावर विसंबू नका, नोकरी सुटली की तीही जाते.

चाळिशीच्या आत, धडधाकट आणि ईएसआयसीबाहेर असाल तर स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, म्हणजे प्रतीक्षेची वर्षं निरोगीपणातच सरतील. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही गेला आहे. ठेवीवर राहणं त्यालाच परवडेल, ज्याच्याकडे मोठ्या ऑपरेशनचे पैसे आजच बाजूला पडलेत.

घेताना एजंटाकडे कॅशलेस, म्हणजे जिथे बिल कंपनी थेट भरते अशा रुग्णालयांची यादी मागा आणि त्यात चिपळूण, रत्नागिरी, कोल्हापूर, गोवा शोधा. मुंबई-पुण्याचीच नावं असतील तर दुसरी कंपनी बघा. आणि नूतनीकरणाची तारीख मे महिन्यात येईल अशी पॉलिसी सुरू करा. आंब्याचे पैसे तेव्हा हातात असतात. जून-जुलैत मासेमारी बंद, त्या दिवसांत खलाशाच्या घरी हप्ता हमखास चुकतो.